काळ्या मातीवरचे घर
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात खडकावरच्या पायाविषयी वाचलेत. आज विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर या भागांतल्या घरांना वर्षानुवर्षे छळणाऱ्या काळ्या मातीकडे वळू.

बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आक्रसते. वैशाखात रानात पडणाऱ्या, हात आत जाईल एवढ्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. तीच हालचाल घराखालीही चालू असते. फुगणाऱ्या मातीचा वरचा रेटा एवढा असतो की एकमजली घर ती सहज उचलते. ‘घर लहान आहे, पाया कशाला खोल?’ हे म्हणणे म्हणूनच घातक आहे. या मातीवर हलक्या घरालाच धोका जास्त.

घराखालची सगळी माती एकसारखी वरखाली झाली असती तर फारसे बिघडले नसते. पण कडेची माती पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. मधल्या मातीवर घराचे झाकण असते, तिथला ओलावा उडून जात नाही, आणि ती हळूहळू फुगून वर येते. उन्हाळ्यात कोपरे खाली बसतात, मधला भाग मात्र उचललेलाच राहतो. वीटकामाला हा ताण सोसत नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. तो वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा टोके खचली आहेत किंवा मध्य उचलला आहे. खाली रुंद असेल तर मध्य बसला आहे.

अशा तड्यात सिमेंट भरून वर रंग मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे. पुढच्या ऋतूत तो शेजारून पुन्हा उघडतो. आधी तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. भिंत फुगली, कलली किंवा तडा झपाट्याने वाढू लागला, तर मात्र वाट पाहू नये. टेकू देऊन त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे.

पहिला उपाय पाण्याचा. भिंतीलगतचा शोषखड्डा, न्हाणीचे मुरणारे सांडपाणी, जमिनीखालचा गळका नळ, पायाशी कोसळणारी पन्हळ: हे आधी दूर करावे. घराभोवती दीड-दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेली पक्की फरसबंदी करावी. मोठे झाड भिंतीजवळ असेल तर ते उन्हाळ्यात मातीतले पाणी ओढून घेते. पण जुने झाड एकदम तोडले तर कोरडी माती भिजून फुगते, हेही ध्यानात ठेवावे. माझ्या मते बरीचशी घरे एवढ्यानेच सावरतात, आणि हेच काम सर्वांत जास्त टाळले जाते.

एवढे करूनही पाया हलत असेल तर तो खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. भिंतीखाली एका वेळी साधारण मीटर-सव्वा मीटर लांबीचाच खड्डा घेतात, शेजारची जागा अखंड ठेवतात. नवे काँक्रीट जुन्या पायाच्या काही सेंटीमीटर खाली थांबवतात, ते आवळले की उरलेल्या फटीत जवळजवळ कोरडा मसाला ठोकून भरतात. तो घट्ट झाल्यावरच पुढचा खड्डा. घाईने सगळी भिंत एकदम मोकळी करणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये. भिंत अंगावर येते.

नव्या घराला मात्र सुरुवातीलाच सोय आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली फुगवटा असलेले पाइल हालचालीच्या थराखाली रोवून बसतात. आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर देण्याची पद्धत पुढे आणली. त्यासाठी योग्य मुरूम चालतो, वाळू नाही. वाळूत पाणी साठते आणि खालची काळी माती भिजतच राहते.

पुढच्या लेखांकात भरावाच्या जमिनीवरची घरे.