गाडीच्या रंगावरची साय जपा!

दिघीत राहणाऱ्या मैत्रिणींना धुळीबद्दल वेगळे सांगायला नकोच! शेजारी भोसरीचे कारखाने, आळंदी रस्त्यावरची रहदारी, त्यात जिकडेतिकडे बांधकामे. सकाळी पुसलेल्या गाडीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावे. हप्त्यांवर घेतलेली नवी गाडी वर्षभरात निस्तेज दिसू लागते आणि घरात विषय निघतो, "ते नवीन पॉलिमर लावू या का? प्रदर्शनातल्या गाडीसारखी चकाकी येते म्हणे!" खर्चाचा हिशेब शेवटी आपल्याकडेच येतो. तेव्हा बाटली घेण्याआधी थोडे समजून घेऊ या.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे फार तर दोन केसांएवढी. वरचा लेप त्यातला जेमतेम ४०-५० मायक्रॉन. दुधावरची सायच म्हणा ना! चाकणसारख्या ठिकाणच्या मोठ्या कारखान्यांत हा लेप भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक, तारा असतात. तिला एवढी आच देता येत नाही. म्हणून मूळ साय गेली की तशीच पुन्हा मिळत नाही.

आणि ही साय घालवतो कोण? बहुधा आपणच! सकाळी कोरडे फडके घेऊन गाडी पुसली की धुळीतले खडे त्यावर घासले जातात. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेघोट्यांची नक्षी त्यातूनच येते. ती घालवायला घासायचे पॉलिश मारले, की साय आणखी पातळ होते.

आता पॉलिमरविषयी. लहान रेणू माळेतल्या मण्यांसारखे जोडून बनवलेला हा पदार्थ रंगावर अदृश्य पापुद्रा धरतो. पूर्वी ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण लावीत, अजूनही लावतात. पण आपल्या उन्हात ते महिना-दोन महिन्यांत उतरते. चांगले पॉलिमर त्याहून बरेच टिकते. मात्र ते रेघोट्या भरून काढत नाही, आणि दगडाचा किंवा किल्लीचा ओरखडाही अडवत नाही. प्रदर्शनातल्या गाड्यांची चकाकीसुद्धा बाटलीपेक्षा आधीच्या तयारीची असते.

ती तयारी अशी करा :

गाडी सावलीत आणि पत्रा गार असतानाच धुवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या. दोन बादल्या घ्या : एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधे पाणी. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको. आधीचे मेण त्याने निघून जाते.

मऊ मायक्रोफायबर कापडाने लगेच टिपून घ्या. बोअरचे पाणी वाळले की क्षारांचे पांढरे डाग पडतात. पक्ष्यांची विष्ठाही उन्हात राहू देऊ नका, ती लेप खाते.

आता पॉलिमर अगदी थोडे, पातळ, एकेका भागावर लावा. बाटलीवर सांगितलेला वेळ थांबून स्वच्छ कापडाने पुसा. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरट डाग राहतो. आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे हे बरे.

पापुद्रा शिल्लक आहे का, हे कसे ओळखायचे? अळूच्या पानावर पाणी कसे मोती होऊन घरंगळते? धुतलेल्या गाडीवर तसे मोती दिसले तर बाटली कपाटातच राहू द्या. पाणी पसरू लागले की मगच पुन्हा लावा.

महागड्या लेपासाठी कुणी आग्रह केला, तर एवढेच विचारा : "आधी रेघोट्या काढणार का, त्यात किती साय जाईल आणि हमी लेखी देणार का?" उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नका. आणि हो, ते कोरडे फडके आजच गाडीतून काढा. त्याला तर एक पैसाही लागत नाही!