मागचा पिस्टन नुसता दाबू नका, फिरवा

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रमच असतात. पण डिस्क असेल, तर पॅड घरीही बदलता येतात. पॅडचा थर 3 मिलिमीटरवर आला की थांबू नये.

खरी मेख पिस्टनमध्ये आहे: नवे पॅड बसण्यासाठी तो आत ढकलावा लागतो. पुढचा पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ आत जातो. मागे मात्र अनेक गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनला जोडलेली असते. पॅड झिजतील तसा आतला स्क्रू पिस्टनला पुढे सरकवत नेतो. म्हणून हा पिस्टन दाबत दाबत फिरवावा लागतो. त्याच्या तोंडावरच्या खाचा त्यासाठीच असतात. नुसता जोर लावलात, तर कॅलिपरच निकामी होतो, आणि तो पॅडपेक्षा कितीतरी महाग. हँडब्रेक बटणाचा असेल, तर आधी सर्व्हिस मोड लावावाच लागतो. ते जमणार नसेल, तर मेकॅनिक गाठावा हे बरं.

पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीही नको. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं, तेव्हा गाडीला ब्रेकच नसतो.