परदेश अभ्यास दौऱ्याची पूर्वतयारी
मावळातील गुलाब उत्पादकांसाठी

पवन मावळातील गुलाब परदेशी जावयास निघतो, तेव्हा त्याच्या तयारीत सहसा उणीव राहात नाही. फेब्रुवारीच्या बाजारासाठी डिसेंबरच्या सुमारासच छाटणी उरकलेली असते. दांडे लांबीप्रमाणे निवडून त्यांच्या जुड्या बांधल्या जातात, शीतगृहात २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात त्या थंड केल्या जातात, आणि कीडरोगमुक्ततेचे प्रमाणपत्र मिळाल्यावाचून खोके विमानात चढत नाही. परंतु तोच गुलाब पिकविणारा शेतकरी स्वतः परदेशी निघाला म्हणजे पुष्कळदा सारी तयारी शेवटच्या आठवड्यावर येऊन पडते.

राज्याच्या कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांचे देशाबाहेर अभ्यास दौरे काढले जातात व खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून मिळतो. अनुदानाची मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने ती त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहावी. अर्जासोबत सातबारा व आठ-अ यांच्या उताऱ्यांप्रमाणेच मुदतीतील पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, लागतो. दौरा जाहीर झाल्यावर पारपत्रासाठी धावाधाव करणाऱ्याची संधी हुकण्याचा संभव असतो. दौऱ्याचा विचार मनात आल्याबरोबर पहिले काम करावयाचे ते पारपत्राचे.

यात खरी अडचण येते ती नावाची. सातबाऱ्यावर एक नाव, आधारपत्रावर त्याच नावाची निराळी इंग्रजी अक्षरे, बँकेच्या पुस्तकात वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर, असा प्रकार घरोघरी आढळतो. गावात यावाचून काही अडत नाही. विमानतळावर मात्र अडते. सर्व कागदांवरील नाव व जन्मतारीख आधी एकसारखी करून घ्यावी, आणि तिकीट काढताना पारपत्रावरील अक्षरे जशीच्या तशी उतरवावी.

गुलाब उत्पादकांचे अभ्यास दौरे बहुधा नेदरलँड्सकडे जातात. हा देश शेंगेन गटातील आहे. या गटाच्या व्हिसासाठी पारपत्र मागील दहा वर्षांत काढलेले असावे लागते, परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी लागते, व त्यात दोन पाने कोरी लागतात. वैद्यकीय खर्चाचा निदान ३०,००० युरोचा प्रवासविमाही आवश्यक असतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो; पंधरा दिवसांच्या आत आलेला अर्ज सहसा स्वीकारला जात नाही. अर्जाच्या वेळी बोटांचे ठसे घेतात. रोज काट्यांशी गाठ असलेल्या हाताचे ठसे नीट उमटत नाहीत, हा अनुभव अनेकांना आधारपत्राच्या वेळी आलेलाच असेल. त्या आधी आठ-दहा दिवस तोडणीच्या कामापासून हात दूर ठेवावेत व रात्री तेल लावावे.

दौऱ्याचा काळ निवडताना आपले पीक विचारात घ्यावे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गुलाब उत्पादकाने घर सोडू नये, हे सांगावयास नकोच. जून-जुलैत इंद्रायणीची लावणी असते. म्हणून एप्रिल-मे हा काळ सोयीचा; लिस्से येथील कुकेनहोफचा प्रसिद्ध ट्युलिप बगीचाही साधारणपणे मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच खुला असतो. मात्र हरितगृहातील तोडणी एक दिवसही थांबत नाही. खतपाण्याचे वेळापत्रक, फवारणीचे दिवस, पंप बिघडल्यास कोणास बोलवावे, व्यापाऱ्याकडून किती येणे आहे, हे सर्व लिहून घरातील कर्त्या स्त्रीच्या किंवा भावाच्या हाती द्यावे. निघण्यापूर्वी दोन दिवस सारा कारभार त्यांच्याकडे सोपवून आपण नुसते पाहात राहावे. काय सांगावयाचे राहिले ते तेव्हाच कळते.

सामान बेताचे असावे. छाटणीची कात्री व डोळा भरण्याचा चाकू हातातील पिशवीत चालत नाहीत. नित्याची औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीतच ठेवावीत. तूप, खवा, मांस यांचे पदार्थ युरोपात प्रवाशास नेता येत नाहीत. आरोग्य प्रमाणपत्रावाचून आंबाही जात नाही. नारळ व केळे जाते. लोणावळ्याची शेंगदाण्याची चिक्की न्यावयास हरकत नाही, आणि यजमानास देण्यास तिच्याइतकी सोयीची भेट दुसरी नाही. बँकेच्या कार्डाचा परदेशातील वापर पुष्कळदा बंद ठेवलेला असतो, तो सांगून सुरू करून घ्यावा.

मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे असा प्रघात आहे. मावळकरांनी त्यात घाटाचा वेळ वेगळा धरावा. जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून द्रुतगती मार्गावरील वाहतूक खोळंबली होती. पावसाळ्यात रेल्वेची वेळही हाताशी असू द्यावी. मात्र घाटातील रेल्वेलाही दरडीचे भय असतेच, म्हणून आदल्या दिवशी मुंबईस मुक्काम करणे उत्तम.

इतके झाले म्हणजे उरते ती प्रश्नांची तयारी, आणि तिच्याकडेच सर्वात दुर्लक्ष होते. आल्समीर येथील फुलांच्या लिलावात घड्याळाचा काटा चढ्या भावापासून खाली उतरत जातो व जो प्रथम कळ दाबतो त्याला माल मिळतो. लिलाव पहाटेच सुरू होतो, आणि शनिवारी-रविवारी बंद असतो. तेथे केनिया व इथिओपियाचा गुलाब मोठ्या प्रमाणावर येतो. त्याच्याशी आपल्या फुलाची तुलना करावयाची, तर एका चौरस मीटरमागे आपले दांडे किती व एका दांड्याचा खर्च किती, हे आकडे वहीत असावयास पाहिजेत. तेथील बागाईतदार काचगृहाच्या छपरावरील पावसाचे पाणी साठवून झाडांना देतात. त्यांच्याकडे वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस. लोणावळ्यास चार हजारांच्या पुढे. मावळाच्या ज्या भागात दोन हजार मिलिमीटर पडतो, तेथेही दहा गुंठ्यांच्या हरितगृहावर सुमारे वीस लाख लिटर पाणी पडते व ओढ्याला जाते. तळे केवढे, अस्तर कोणते, पाणी गाळतात कसे, हे विचारून यावे.

तिकडील एखादी सुंदर जात पाहून तिची काडी खिशात घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. काडी, कंद, बी वा माती, यांपैकी काहीही आयात परवाना व आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून भारतात आणण्यास वनस्पती संगरोध आदेश, २००३ अन्वये बंदी आहे. शिवाय नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो. आणि प्रश्न नुसता दंडाचा नाही. २०१५ साली नेदरलँड्समधील काचगृहांतच गुलाबावर राल्स्टोनिया जिवाणूचा मर रोग आढळला, आणि बाधित झाडे नष्ट करावी लागली. हा जिवाणू टोमॅटो, वांगी व आल्यावरही येतो. निरोगी दिसणाऱ्या काडीतूनही तो प्रवास करतो. १९५५ साली पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत आज कोणाच्या बांधावर नाही?

तिकडील काचगृहात शिरताना पाहुण्यास अंगरखा व पायमोजे देतात. त्यात कमीपणा मानू नये. घरून निघताना बूट धुऊन न्यावेत, आणि परत आल्यावर बूट व कपडे साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. मगच, दुसऱ्या कपड्यांत, आपल्या हरितगृहाचे दार उघडावे.