काळ्या मातीत दुर्बिणीचा खांब

नागपूरजवळच्या हिंगण्यात घरामागच्या अंगणात दुर्बिणीसाठी कायमचा खांब उभारायचा, तर पहिला विचार मातीचा करावा. मे महिन्यात भेगाळणारी काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि आत रोवलेलं काहीही उचलते, कलवते. एक मीटर उंच खांबाचा माथा एक मिलिमीटर कलला, तरी दुर्बिणीचा रोख 206 विकलांनी, म्हणजे सुमारे साडेतीन कलांनी सरकतो. शनीची चकती जेमतेम 20 विकलांची! मग ध्रुवाशी नीट जुळवलेलं, दुर्बीण पेलणारं माउंट पावसाळ्यानंतर पुन्हा जुळवत बसावं लागतं.

म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा. नागपूरच्या या बाजूला खाली बेसाल्ट आहे, त्यामुळे मुरूम बहुतेक ठिकाणी लागतोच; किती फुटांवर, ते शेजारच्या एखाद्या नव्या बांधकामाच्या पायात डोकावलं की कळतं. फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेला पाइल घ्यावा. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तो अशाच मातीसाठी विकसित केला. खोल काळ्या मातीत तो साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात, कारण तिथे ऋतूंप्रमाणे ओल फारशी बदलत नाही.

खड्डा तळाशी रुंद ठेवावा. सळयांचा पिंजरा तळापासून माथ्यापर्यंत सलग हवा. काँक्रीट 1 : 1.5 : 3 प्रमाणात, पाणी बेताचं. मिस्त्री सहसा विसरतात ती गोष्ट अशी, की काँक्रीटची बाजू आणि काळी माती यांच्यामध्ये थर्माकोलचे तक्ते घालायचे. नाहीतर फुगणारी माती खांबाला कडेने धरून वर ओढते. भोवतीची फरशीही खांबाला टेकू द्यायची नाही, बोटभर फट ठेवायची, म्हणजे माणसाच्या पावलांचे हादरे दुर्बिणीपर्यंत जात नाहीत. काँक्रीटवर किमान आठवडाभर पाणी मारावं आणि 28 दिवस भार देऊ नये.

या काँक्रीटवर उभा करायचा पाइप एमआयडीसीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. पैसे जाडीपेक्षा व्यासावर घालावेत. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा सुमारे आठपट होतो. उंची निम्मी केली तरी तेवढाच फायदा. आत कोरडी रेती भरली की कंप लवकर विरतो. पाइपची तळपट्टी बोल्टांवर अधांतरी ठेवू नये. लेव्हल साधली की खालची फट ग्राउटने भरून टाकावी, नाहीतर एवढा जाड पाइप शेवटी चार बारीक बोल्टांवरच डुलतो.

आता इथल्या आकाशाचा प्रश्न. हिंगण्याचे अक्षांश सुमारे 21, त्यामुळे माउंटचा ध्रुवाक्ष क्षितिजापासून 21 अंशच वर असतो. माउंट घेतानाच त्याचा कोन एवढा खाली येतो का, ते बघावं. शिवाय प्रतिभाराची दांडी खाली असते तेव्हा ती ओळंब्यापासून उत्तरेला फक्त 21 अंश झुकते, म्हणजे जवळजवळ खांबाला लगटूनच उतरते. युरोपात 50 अक्षांशावर ती चांगली दूर राहते, त्यामुळे तिकडचे आराखडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. उपाय दोन : माउंट पाइपच्या माथ्यावरच्या प्लेटच्या उत्तर कडेला सरकवणं, किंवा मध्ये अरुंद, ठेंगणा जोडतुकडा घालणं. मी पहिला निवडेन, कारण प्रत्येक जादा सांध्याबरोबर थोडा ताठपणा जातो. प्लेटला भोकं पाडण्याआधी माउंट तिच्यावर शिकंज्यांनी आवळून, 21 अंशांवर लावून, वजनांसकट दांडी सगळीकडे फिरवून पाहावी.