राफ्टिंग कोलाडला होते, बीडला का नको?

महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटले की रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका आठवते. कुंडलिका नावाची नदी बीड जिल्ह्यातही आहे. वडवणी तालुक्यातून येऊन ती सिंदफणेला मिळते. बालाघाटाच्या डोंगररांगा, सौताड्याचा धबधबा आणि पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या नद्या पाहिल्या की इथेही राफ्टिंग का सुरू करू नये, असे कुणालाही वाटेल. माझे मत मात्र ठाम आहे: करू नये. राफ्टिंगला जोराच्या पाण्यापेक्षा भरवशाचे पाणी लागते, आणि तो भरवसा बीडच्या नद्या देऊ शकत नाहीत.

कोलाडच्या नदीकाठी झाडी दाट असली, तरी राफ्ट चालवणारा प्रवाह माणसाने सोडलेला असतो. मुळशीचे धरण टाटा कंपनीने 1920च्या दशकात बांधले. भीमेच्या खोऱ्यातल्या या धरणाचे पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते, वीज तयार करते आणि मग कुंडलिकेला मिळते. वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे सकाळी पाणी सुटते, तेव्हा राफ्ट निघतात. जगभर प्रवाहाची अवघडता सहा पायऱ्यांत मोजतात. कोलाड दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसते. पाण्याची पातळी माहीत असल्यामुळे मागे बसलेल्या गाईडला कोणता खडक कुठे बुडालेला आहे, कोणत्या वळणावर सगळ्यांनी एकदम वल्ही मारायची, हे पक्के ठाऊक असते. नवख्या माणसाची सुरक्षितता या माहितीवर उभी आहे.

बीडमध्ये वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या दिवसांत कोसळतो. आज कोरडी असलेली नदी उद्या पुलावरून वाहते आणि चार दिवसांत पुन्हा डबक्यांवर येते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जाणारी गोदावरी मोठी आहे, पण ती सपाटीची नदी. पैठण ते नांदेड दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरात ती जेमतेम शंभर मीटर उतरते. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून सरळ दरीत पडते, तिथे राफ्टचा प्रश्नच येत नाही. शिवाय या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे आहेत. पुरात बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि त्यात सापडलेल्याला वर येऊ न देता पुन्हा भिंतीकडे ओढते. लाइफ जॅकेट घातलेला पोहणाराही त्यातून सुटेलच असे नाही. पात्रात माजलेली वेडी बाभूळ वेगळाच धोका आहे: फांद्यांमधून पाणी निघून जाते, माणूस अडकून पडतो.

कोलाडप्रमाणे धरणातून ठरावीक वेळी पाणी सोडा, असे कुणी सुचवेल. पण भिऱ्याचे पाणी आधी वीज देते आणि नंतर खाली सिंचनालाही जाते. माजलगाव किंवा मांजरा धरणातले पाणी पिण्यासाठी आणि शेतीच्या आवर्तनासाठी राखलेले असते. केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण आटले म्हणून 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा धरणातून खेळासाठी पाणी मागणे मला अन्यायाचे वाटते. मग पुरातच चांगली साधने घेऊन उतरू, हा दुसरा युक्तिवाद. राफ्टिंगचा दीर्घ अनुभव असलेल्या ऋषिकेशलाही गंगा चढली की ऐन पावसाळ्यात राफ्टिंग बंद ठेवतात, एवढे उत्तर पुरे.

रोजगाराचा मुद्दा मात्र खरा आहे. दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या जिल्ह्यात कुठलेही नवे काम हवेच आहे. पण वर्षातले चार-सहा धोक्याचे दिवस कुणाचे घर चालवणार? त्यापेक्षा राफ्टिंगमधले कौशल्य इथे आणा: रबरी बोट हाकणे, दोर अचूक फेकणे, बंधाऱ्याखालचे उलटे पाणी ओळखणे. गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांना पुराच्या रात्री हे जाणणारी माणसे हवी असतात. जिल्हा प्रशासनाने गावातल्या तरुणांना कोलाडला पाठवून हे शिकवावे, आणि बोटी जिल्ह्याच्या ठिकाणी न ठेवता नदीकाठच्या गावांत ठेवाव्यात.