कोपर द्या, हात ओढू नका

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाबाहेर एक बधिरांध आजोबा दिसले. नात त्यांच्या तळहातावर बोटानं तमिळ अक्षरं काढून सगळं सांगत होती. बधिरांध व्यक्तीला सोबत कशी करावी हे मी थोडं शिकलोय, म्हणून लिहितो.

आधी दंडाला हलकेच स्पर्श करा, हात क्षणभर तसाच ठेवा. ढकलू तर मुळीच नका! त्यांना तुमचं कोपर धरू द्या, अर्धं पाऊल पुढे चाला. अरुंद जागी तोच हात पाठीमागे न्या, म्हणजे ते तुमच्या मागे येतात. पायरीआधी थांबा.

काही सांगायचं असेल तर त्यांच्या तळहातावर मोठी अक्षरं काढा, एकाच जागी, एकावर एक. लिपी त्यांना येणारी हवी.

सोडून जाताना सांगा, त्यांचा हात भिंतीला टेकवून द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट अशा मुलांना शिकवते.