पडणारच आहेत, पण कधी?

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.’ किडलेल्या दाढेबद्दल घराघरांत निघणारं हे वाक्य इतकं बिनतोड वाटतं की ते दात पडणार कधी, हे कुणी विचारतच नाही. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली, तर तिला पुढची सहा-सात वर्षं त्याच दाढेनं भाकरी चावायची आहे.

त्यात दुधाच्या दातांवरचं एनॅमल कायमच्या दातांच्या मानानं जवळपास निम्मंच जाड. त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचायला काही महिने पुरतात. मग ठणका, रात्रीची रडारड, सुजलेला गाल. मुळाशी साचलेल्या पुवामुळे हाडात तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. तो मग डाग किंवा खाच घेऊनच उगवतो. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ मोकळ्या जागेत सरकते आणि नव्या दाताला जागा पुरत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी दातांना तारा बसवायचा खर्च निघतो, त्याचं मूळ कधीकधी इथं असतं.

‘दुधाचाच दात’ या समजुतीचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो एका कायमच्याच दाढेला. सहाव्या वर्षाच्या आसपास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठली दाढ पडलेली नसल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि ब्रशचे केस तळापर्यंत पोचत नाहीत. ही किडून गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. दाढ पुरती वर आली की खाचा बुजवणारा सीलंटचा पातळ थर लावून घेता येतो. त्याला भुलीचं इंजेक्शन लागत नाही, ड्रिलही लागत नाही.

चॉकलेट बंद केलं, तरी दात किडले, अशी तक्रार हमखास असते. बंद फक्त चॉकलेटच झालेलं असतं. दुपारचं बिस्किट, चिकटणारी चिक्की, गोड सिरप, ‘साखर नको’ म्हणून दिलेला गूळ हे सगळं चालूच. गुळात मुख्यत्वे साखरच असते. तोंडातल्या जंतूंना तो नैसर्गिक आहे याचं कौतुक नसतं. ते साखरेचं आम्ल करतात, पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात, आणि लाळेला ते आम्ल निवळायला अर्धा तास तरी लागतो. दर तासाला एक बिस्किट मिळत असेल, तर लाळेनं काय करावं? स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या बौद्धिक अपंगांच्या संस्थेत १९४० च्या दशकात हे प्रयोगातून दिसलं. रहिवाशांना मुद्दाम गोड खायला घातलेलं होतं. आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही. जेवणाबरोबरच्या साखरेनं किडीत फारशी भर पडली नाही. दोन जेवणांच्या मधे दिलेल्या चिकट टॉफीनं ती कितीतरी वाढली. तेव्हा वाढदिवसाचा केक जेवणानंतर खुशाल द्यावा. आवरायला हवं ते दिवसभराचं चरणं.

रात्री लाळ कमी सुटते, म्हणून बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाचे वरचे चार पुढचे दात आधी जातात. खालचे बहुधा वाचतात, कारण चोखताना त्यांच्यावर जीभ असते. यासाठी आईचं दूध तोडायची मात्र गरज नाही. दात आल्यावर झोपण्यापूर्वी ते पुसावेत, घासावेत, एवढंच.

फ्लोराइडबद्दलची भीती पोकळ म्हणून झटकता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यानं पिवळे-तपकिरी झालेले दात लोकांनी पाहिलेत. प्रश्न मात्रेचा आहे. पाण्यातली कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. त्या पाण्याचा २०० मिलिलिटरचा पेला प्यायला तर ०.३ मिलिग्रॅम पोटात जातं. १००० पीपीएमची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेतली तर तिच्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम असतं, तेही सगळं गिळलं तर. तीन वर्षांपर्यंत तेवढीच घ्यावी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते ती खपासाठी. मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड फार कमी असतं किंवा नसतंच, म्हणून चित्रातलं कार्टून सोडून मागचा बारीक मजकूर वाचावा. पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत मात्र पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवावी.

‘तो स्वतःच घासतो’ हेही अभिमानानं सांगितलं जातं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात मागच्या दाढांवर नीट वळत नाही. त्यानं हवं तर आधी घासावं, मग मोठ्यांनी. सकाळी शाळेच्या घाईत राहिलं तर एक वेळ चालेल, रात्रीचं चुकवू नये. नंतर पेस्ट थुंकायची, खळखळून चूळ भरायची नाही. दातावर थोडं फ्लोराइड राहायला हवं.

बाकीचे समज थोडक्यात. दात येताना बाळ चिडचिडतं, लाळ गळते. पण जोराचा ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत, त्यासाठी डॉक्टर गाठावा. धुरी देऊन दाढेतून ‘किडे’ काढून दाखवतात, पण दाढेत अळ्या नसतातच. वाटीत दिसतात ते बियांचे तुकडे. राखुंडीनं एनॅमल झिजतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी केली, तरी आजीच्या डबीतली मिश्री नातवाच्या बोटाला अजून लागते.

दंतवैद्याकडे पहिली फेरी पहिल्या वाढदिवसाच्या आत व्हावी. दुखत नसताना गेलेलं मूल खुर्चीला घाबरत नाही, आणि किडीआधीचे पांढरे खडूसारखे डाग फ्लोराइड वार्निशनं तिथंच थोपवता येतात. खड्डा पडलाच, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे थेंब आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलेलं हे औषध बहुतेक वेळा कीड रोखतं, पण किडलेला भाग कायमचा काळा करतं. पुढच्या दातावर ते नको असं पालक म्हणतात, ते समजण्यासारखं आहे. पण मागच्या दाढेचा काळा डाग दिसणार कुणाला? चार वर्षांच्या पोराचे हातपाय धरून ड्रिल करण्यापेक्षा तो केव्हाही परवडला.